कोरड्या नळाचं साधर्म्य

"देवमनभाऊ, पोरीनं तं तुमाले डायरेक्ट नळ करून टाकलं!"

पाणीपट्टीची बिलं वाटणाऱ्या किशोरनं गाडी चेंबरच्या कडेला उभी केली, पण इंजीन बंद केलं नाही. टोमणा मारून निघायचं असलं की तो इंजीन चालूच ठेवायचा.

देवमन तायडे वाकून चावीच्या दांड्याला कान लावून होता. व्हॉल्व्हमनची चावी म्हणजे छातीइतकी उंच लोखंडी कांब. तिचं खालचं टोक चेंबरमधल्या व्हॉल्व्हवर बसतं आणि वरचा आडवा दांडा दोन्ही हातांनी फिरवायचा असतो. व्हॉल्व्ह एका दमात उघडला तर पाणी लाइनमधल्या हवेवर जाऊन आदळतं आणि जुना पाइप कुठंतरी फुटतो. म्हणून आधी जरासा उघडायचा, हवेला पुढं निघू द्यायचं, कांबेला कान लावून ऐकायचं आणि मगच पुढचे आटे फिरवायचे. देवमननं हात वर करून किशोरला थांबवलं. लाइन बोलत असताना तो माणसांशी बोलत नसे.

"आइका तं," किशोर म्हणाला. त्यानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि पोरं शाळेत पाठांतर म्हणतात तसं वाचलं, "माझा बाप कोरडा नळ! आमच्या भाचीनं स्टेटसले ठेवलं हे. खाली नाव पाहा, करिश्मा देवमन तायडे. आता बोला. वालमनचाच नळ कोरडा, तं गावानं पानी कोनाले मागाव?"

"तुह्याकडची बिलं वाटून झाली का?"

"नाई."

"मंग जाय."

किशोर हसत निघून गेला. देवमननं पुन्हा कांबेला कान लावला. तोवर हवा निघून गेली होती आणि पाणी पुढं सरकलं होतं. ते सरकताना ऐकायचं राहून गेलं.

ती ओळ त्याला नवी नव्हती. करिश्मानं स्वतःच अख्खी कविता त्याच्या मोबाइलवर पाठवली होती. अमरावतीला वसतिगृहात राहून ती मराठीत एम. ए. करत होती. कवितेखाली तिनं लिहिलं होतं, 'बाबा, पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी आमच्या कॉलेजात नव्या कवींचं संमेलन आहे. मी हीच वाचणार आहे. आईला घेऊन या. याल ना?'

कविता सहा ओळींची होती.

माझा बाप कोरडा नळ.
घरातलं सगळ्यात मोठं भांडं त्याच्याखाली.
आई म्हणते, बंद नको करू,
तोटी उघडी राहू दे.
आम्ही जेवतो, भांडतो, अभ्यास करतो
एक कान तिकडे ठेवून.

'याल ना'चं उत्तर देवमननं दिलं नव्हतं. तिचा फोन आला की तो न बोलता बायकोच्या, शकुनच्या हातात द्यायचा.

त्याच्या नोकरीत लोकांचं म्हणणं एकाच रूपात येत असे, तक्रारीच्या. तोंडी तक्रार असली तर हो म्हणायचं. लेखी असली तर जागेवर जाऊन पाहायचं आणि त्यात खरं किती, खोटं किती ते वर कळवायचं. पोरीची तक्रार लेखी होती आणि चारचौघांत गेली होती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं ती तपासायला घेतली.

"आपला नळ कोरडा हाय का?"

शकुन भाकरी थापत होती. "कालच तं पानी भरलं."

"मंग? अन् म्हने सगळ्यात मोठं भांडं नळाखाली. कोनतं भांडं? आपन तं पाइप लावतो."

"कवितेत कोनी पाइप लावते का?"

"अन् तोटी उघडी राहू दे! गावभर मी बोंबलत फिरतो, तोट्या बंद ठेवा, पानी वाया जाते. अन् माह्याच घरची तोटी उघडी?"

शकुननं तव्यावरची भाकरी उलटली. एरवी ती कुठल्याच वाक्याला उत्तर दिल्याशिवाय राहत नसे, पण यावर काही बोलली नाही.

"सहा ओळी, त्यातल्या तीन खोट्या," देवमननं अहवाल दिला.

"तोंड पाहा कसं केलं, वाळल्या भेंडीवानी. पोरगी बोलावून राह्यली, तिले हो म्हना नाई तं नाई म्हना. हे काय, मधातच लटकवून ठेवलं लेकराले!"

खोट्या ओळींचं देवमनला फारसं काही वाटलं नव्हतं. पहिली ओळ खोटी आहे, असं त्याला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. दुखणं तिथं होतं. दोन वर्षांपूर्वी करिश्माला अमरावतीच्या गाडीत बसवून द्यायला तो बसस्टँडवर गेला होता. तिची ट्रंक त्यानं खांद्यावरून नेली, सीटखाली सरकवली, खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. गाडी सुटायला बराच वेळ होता. तेवढ्या वेळात तो एकच वाक्य बोलला. ट्रंकेचं कुलूप बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नको, असं काहीतरी. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्याला बरीच वाक्यं सुचली.

बोलणं राखून ठेवायची सवय त्याला नोकरीनं लावली होती की नोकरी त्या सवयीला मिळाली होती, हे सांगणं अवघड. पाणी नेमकं केव्हा सुटणार हे त्यानं बाहेर कुणाला कधी सांगितलं नाही आणि घरातही नाही. एका घराला कळलं की दहा घरांना कळतं. दहा घरं मोटारी लावून बसतात आणि शेवटच्या घराला नुसती हवा मिळते. हा हिशेब पक्का होता. त्यात चूक काढायला आजवर कुणी आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गुलनार मॅडमची तक्रार आली, पाण्याला दाब नाही म्हणून. या मॅडम एका शाळेत दहावीला मराठी शिकवायच्या. देवमननं त्यांच्या अंगणातल्या नळाची जाळी काढली, आत अडकलेली वाळू झटकली आणि जाळी परत बसवली. काम संपलं तरी तो तिथंच रेंगाळला.

"मॅडम, एक विचारू का? मराठीतलं हाय."

"विचारा ना भाऊ. मराठीतलं आपणहून कोणी विचारत नाही मला."

"मानसाले नळ म्हटलं तं त्याचा अर्थ काय होते?"

"कोणी म्हटलं?"

"कवितेत हाय एका. माझा बाप कोरडा नळ." कविता कुणाची ते त्यानं सांगितलं नाही.

गुलनार मॅडमनी आतल्या दाराकडं तोंड करून हाक दिली, "तुबा, दो कप चाय रख बेटा." मग त्यांनी प्लास्टिकची खुर्ची देवमनकडं सरकवली आणि स्वतः ओट्यावर बसल्या.

"हे रूपक झालं. अलंकार आहे. पण आधी उपमा समजून घ्या. 'बाप नळासारखा आहे' असं म्हटलं असतं, तर ती उपमा. ज्याच्याविषयी बोलायचं तो बाप, म्हणजे उपमेय. ज्याची तुलना आणली तो नळ, म्हणजे उपमान. दोघांत जे सारखं, ते साधर्म्य. आणि 'सारखा' हा शब्द दोघांच्या मध्ये उभा."

"मध्यस्थ."

"मध्यस्थच. आपल्याकडं 'वानी' म्हणतात तो. हा मध्यस्थ काढून टाकला, बाप आणि नळ एकच करून टाकले, की रूपक."

देवमननं ते मनात मांडून पाहिलं. मग विचारलं, "मंग जास्त अपमान कायच्यात हाय? नळावानी म्हटलं त्याच्यात, का नळच म्हटलं त्याच्यात?"

मॅडम हसल्या. चहा आला. तो बशीत ओतून त्या म्हणाल्या, "पुस्तकात अपमानाचं काही दिलेलं नाही. पण असं पाहा. 'वानी' म्हटलं की बोलणारा जरा लांब उभा राहतो. उद्या कोणी जाब विचारला तर हात झटकता येतात, की मी नुसतं सारखं आहे म्हटलं. नळच म्हटलं की सुटका नाही. ज्याला म्हटलं त्याची नाही, अन् जो म्हणतो त्याचीही नाही."

"अन् साधर्म्य काय धराव याच्यात?"

"कोरडेपणा. परीक्षेत तेवढं लिहिलं की पूर्ण गुण."

"बस?"

"परीक्षेत बस."

सायकलवर चावी आडवी बांधून परत जाताना देवमनच्या डोक्यात त्या उत्तरातला 'परीक्षेत' हा शब्द घोळत राहिला. परीक्षेत बस, म्हणजे बाहेर आणखी काही असणार.

मग तो अधूनमधून मॅडमच्या अंगणात थांबू लागला. त्यांच्या नळाचा दाब इतक्या वेळा तपासला गेला की शेजारीण चिडून म्हणाली, आमच्याकडंही पाहा जरा. दर खेपेला तो एखादं नवं नाव घेऊन निघायचा आणि दिवसभर ते लोकांच्या बोलण्याला लावून पाहायचा. नव्या साच्याची चावी मिळाली की माणूस ती दिसेल त्या व्हॉल्व्हला लावून पाहतो, तसंच. जी वस्ती त्याला पाइपच्या नकाशावरून पाठ होती, तिथं आता भलतंच काही सापडू लागलं. काकडीवाली ओरडत यायची, "कोवळी काकडी, कवळी काकडी, काकडी कोवळी!" आणि देवमन मनाशी म्हणायचा, अनुप्रास. सोबतीचा व्हॉल्व्हमन वाहेद घाम पुसत म्हणायचा, "ऊन अंगावर धावून येऊन राह्यलं बे." उन्हाला पाय नसतात, तरी ते धावलं, म्हणजे चेतनगुणोक्ती. इतकी वर्षं हे सगळं कानावरून गेलं कसं, याचं त्याला नवल वाटायचं.

गल्लीच्या टोकाला भागीरथा आजी राहायची. तिनं त्याला अडवलं. "बाप्पा, महिना झाला, थेंब नाई नळाले!"

"महिना नाई आजी, सहा दिवस झाले. तुमी अतिशयोक्ती केली."

"मी काईच नाई केलं बाप्पा. मी तं सकाळपासून इथंच बसेल हाय. विचार कोनालेबी!"

घरी तर खाणच निघाली. शकुन दिवसभर उपमेत बोलते, हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळलं. शेजारच्या सुनेचा आवाज फाटल्या डब्यावानी, दिराची बुद्धी भोकाच्या पिशवीवानी. एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं, "त्या दिवशी मले वाळली भेंडी म्हटलं तू. त्याच्यातलं साधर्म्य काय?"

"साधर्म्य-बिधर्म्य मले नाई समजत. ताठ असते अन् कामाची नसते."

"बराबर हाय," तो म्हणाला आणि वरण मागून घेतलं.

महिना संपत आला. करिश्माचा फोन आला की शकुन पलीकडच्या खोलीत जाऊन बोलायची. "मले काय माईत बाई, तुह्या बापाच्या मनात काय हाय ते. हो नाई म्हनत, अन् नाईबी नाई म्हनत." हे वाक्य त्याच्या कानावर पडेल इतक्या आवाजात यायचं. एकदा पलीकडून करिश्मा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण त्यानंतर शकुन खालच्या आवाजात म्हणाली, "दुसरी वाच न मंग. तुह्याकडं काय एकच कविता हाय का?" आणि थोडं थांबून, "बरं. बरं. रडू नको."

दुसऱ्या दिवशी देवमन मॅडमकडं गेला तेव्हा त्यानं नळाला हातसुद्धा लावला नाही.

"मॅडम, ते कविता माह्या पोरीची हाय."

"माहीत आहे. तुबानं दाखवली होती, पहिल्याच दिवशी."

"मंग बोलल्या नाई?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं. मी कशी बोलणार?"

त्यानं खुर्ची ओढली. "तुमी म्हनल्या परीक्षेत बस. परीक्षेबाहेर काय असते?"

"परीक्षेत एक साधर्म्य लिहून चालतं. कवितेत किती असावीत याला मर्यादा नाही. नळाबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे ते सांगा, मग त्यातलं बापाला काय काय लागू पडतं ते पाहू."

तुबानं चहा आणून दिला, तो घेत देवमन सांगू लागला. पितळेचा टिकतो, प्लास्टिकचा नाही. मोरीत असतो, बैठकीत नाही. येणाराजाणारा प्रत्येक जण त्याचा कान पिळतो. तो स्वतःजवळ काही ठेवत नाही, मागून जे येतं तेच पुढं देतो. हे सांगता सांगता तो जरा सरसावून बसला. आपला मुद्दा सापडला असं त्याला वाटलं.

"म्हनून सांगतो मॅडम, नळ कोरडा असला तं दोष नळाचा नसते. नळ काय करन? मागं कुठंतरी व्हॉल्व्ह बंद असते."

"ते ठीक आहे," गुलनार मॅडम म्हणाल्या. "पण व्हॉल्व्ह कोणाच्या हातात असतो?"

देवमननं कप खाली ठेवला. चहा अर्धा राहिला होता.

"मी आपली शिकवायच्या ओघात बोलले भाऊ," मॅडम घाईनं म्हणाल्या.

"नाई. बराबर बोलल्या."

रविवार दोन दिवसांवर आला होता. त्या दुपारी त्याची पाळी होती, एक लाइन सोडून झाली होती आणि दुसरी सोडायची होती. निम्म्या वाटेत गेल्यावर देवमनच्या लक्षात आलं की चेंबरचं झाकण उचलायचा आकडा घरीच राहिला. ड्युटीच्या मधातून घरी जायची त्याची पद्धत नव्हती. तो मागच्या दारानं आत आला, कारण आकडा मोरीशेजारच्या कोपऱ्यात असायचा.

मोरीत नळाखाली पितळेचा गुंड ठेवलेला होता, घरातलं सगळ्यात मोठं भांडं. लग्नात शकुनच्या माहेरून आलेला. पाइप काढून भिंतीला अडकवला होता. आणि नळाची तोटी पूर्ण उघडी होती.

शकुन आतून आली आणि दारातच थबकली. चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं, पण ते क्षणभरच. मग तिनं कमरेवर हात ठेवले.

"काय पाहून राह्यले? ठेवतो मी उघडी. पहिल्यापासून ठेवतो. पानी कवा येनार ते तुमी सांगता का कधी? गावाले नाई सांगत ते नाई सांगत, बायकोलेबी नाई. मंग मले कसं समजाव? पानी याच्या आधी हवा येते, तिचा आवाज होते. त्या आवाजावर आमी उठतो. गुंड ठेवला का आवाज घुमते, घरात कुठंबी आयकू येते. तुमी यायच्या आधी तोटी बंद करून पाइप लावून ठेवतो, तुमच्या डोस्क्याले ताप नको म्हनून."

देवमननं भिंतीवरचा पाइप हातानं चाचपून पाहिला.

"करिश्मा तं लहान होती तवापासून तुमची पाळी असली का इथंच पुस्तक घेऊन बसे. एक अक्षर वाचे, अन् एक कान नळाकडं. हवा सुटली का वरडत ये, 'आई, आवाज येऊन राह्यला! बाबानं सोडलं!' पानी याच्या आधीच नाचे. बाकीच्या पोरांले पान्याची खुशी, हिले आवाजाचीच."

सहा ओळी, तीन खोट्या, असं तो म्हणाला होता. जागेवर येऊन पाहिलं तर गुंड होता, तोटी उघडी होती आणि कान असायचे हेही आता साक्षीनं सिद्ध झालं होतं. तपासणी पूर्ण झाली होती. देवमन खाली वाकला. शकुनला वाटलं तो तोटी बंद करणार. त्यानं नळाच्या बरोबर खाली येईल असा गुंड बोटभर सरकवला, कोपऱ्यातला आकडा उचलला आणि ड्युटीवर निघून गेला.

संध्याकाळी त्यानं वाहेदला गाठलं. वाहेद शेजारच्या झोनचा व्हॉल्व्हमन. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले होते.

"वाहेदभाई, रविवारी माही लाइन सोडशीन का?"

"तू अन् सुट्टी? कोन मेलं?"

"कोनी नाई. पोरगी अमरावतीले कविता वाचून राह्यली."

"वो नळवाली?"

"हो. तेच."

वाहेदनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. थट्टा करावी की नाही याचा अंदाज घेतला आणि ती गिळून टाकली. "जा ना बिंदास. मैं खोलता."

"एकदम खोलू नको."

"अबे, मले शिकवतं का तू?"

"आधी हवा जाऊ देजो. जुनी लाइन हाय. हवेले टाइम द्या लागते."

"देतो बाप्पा, देतो. जा तू."

रविवारी सकाळी दोघं अकोल्याहून अमरावतीच्या गाडीत बसले. शकुनच्या मांडीवर पिशवी होती, त्यात पोरीसाठी जवसाची चटणी आणि तिळाच्या पोळ्या. मूर्तिजापूर येईपर्यंत ती बोलत होती, मग तिला झोप लागली. देवमन खिडकीतून बाहेर पाहत वाक्यं जुळवत होता. आपण येत आहोत हे त्यानं करिश्माला कळवलं नव्हतं. भेटल्यावर काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. कविता खरी आहे, मी जागेवर जाऊन पाहिलं, असं म्हणायचं. नंतर आणखी एक वाक्य होतं, त्याची सुरुवात सापडत होती पण शेवट हातात येत नव्हता. बडनेऱ्यापर्यंत त्यानं ते बऱ्याच वेळा नव्यानं सुरू करून पाहिलं.

सभागृह मोठं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर मंच, मंचावर बॅनर. दोघं शेवटच्या रांगेत बसले. कवी येत होते, वाचत होते, जात होते. देवमनला गंमत वाटली की त्यातलं थोडंफार त्याला आता पकडता येतं. एका पोरानं बेकारीवर कविता वाचली, तिच्यात रस्ता शिव्या देत होता. चेतनगुणोक्ती, देवमन मनात म्हणाला.

मग करिश्माचं नाव पुकारलं गेलं. ती निळ्या ड्रेसमध्ये मंचावर आली. माइक तिच्या उंचीला आणताना तिनं सभागृहावरून एकदा नजर फिरवली, पण ती मागच्या रांगेपर्यंत पोचली नाही. "माझी कविता लहान आहे," ती म्हणाली.

"माझा बाप कोरडा नळ."

पुढच्या रांगांमध्ये कुणीतरी हसलं. करिश्मा थांबली. देवमन खुर्चीत पुढं वाकला, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं दोन्ही हात ठेवले आणि मान जरा तिरकी केली, चावीच्या कांबेला कान लावताना करायचा तशी. शेजारचे गृहस्थ त्याच्याकडं झुकून म्हणाले, "चांगलंच धुतलं बा पोरीनं बापाले."

देवमननं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "रूपक हाय ते," तो म्हणाला. "पुढं आइका."

तिनं उरलेल्या ओळी सावकाश वाचल्या. भांड्याची, आईची, उघड्या तोटीची. शेवटच्या ओळीला तिचा आवाज इतका खाली गेला की माइक असूनही लोकांना कान द्यावा लागला. टाळ्या वाजल्या, फार नाही. शेजारच्या गृहस्थांनी वाजवल्या नाहीत, ते देवमनच्या हातांकडं पाहत होते. हात अजून खुर्चीच्या पाठीवर तसेच आवळलेले होते.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. करिश्मा मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. शकुननं तिला लांबूनच हाक मारली. तिनं वळून आधी आईला पाहिलं आणि मग आईच्या मागं उभ्या असलेल्या बापाला. हातातल्या ग्लासातला चहा तिनं एका घोटात संपवला आणि ती पुढं आली.

"बाबा, तुमी? आज तं तुमची पाळी हाय न?"

"वाहेदभाई सोडनार हाय."

"तुमी सुट्टी घेतली?"

देवमननं मान हलवली. शकुननं पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, चटणीचं सांगितलं, पोळ्यांचं सांगितलं, किती वाळली बाई तू हे सांगितलं. ते सगळं सांगून झालं. करिश्मा बापाकडं पाहत होती.

"तुमाले राग आला का कवितेचा?" तिनं विचारलं. "मी दुसरी वाचनार होती. पन नाई वाचली. हेच वाचा वाटली मले."

देवमनला काय बोलायचं ते माहीत होतं. बसमध्ये जुळवलेलं पहिलं वाक्य जागेवर होतं. दुसऱ्याचा शेवटही आता सापडला होता. त्यानं तोंड उघडलं. घशातून एक कोरडी घरघर बाहेर आली आणि थांबली. त्यानं घसा खाकरला. पुन्हा तसाच खरखरता आवाज, त्यात शब्द नव्हता.

"अवो, बोला न काही," शकुन म्हणाली. "लेकरू विचारून राह्यलं, अन् तुमी—"

करिश्मानं आईच्या दंडावर हात ठेवला.

"थांब न आई," ती हळूच म्हणाली. "आवाज येऊन राह्यला."

आत सभागृहात पोरं खुर्च्यांवर खुर्च्या रचत होती. करिश्मा जागची हलली नाही. तिच्या दुसऱ्या हातात चहाचा रिकामा ग्लास होता. शेजारीच टोपलीत बाकीच्यांनी आपापले टाकले होते. तिनं मात्र तो तसाच, सरळ धरून ठेवला होता.